साचा आधी, मूर्ती नंतर: विंडोजच्या इन्स्टॉलेशन इमेजमध्ये अपडेट मिसळताना

मे महिना संपत आला की कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एक ठरलेलं काम निघतं. वर्षभर वापरून मंदावलेली चाळीस मशीन्स फॉरमॅट करायची आणि नव्याने विंडोज टाकायची. पेन ड्राइव्ह लावला, अर्ध्या तासात डेस्कटॉप समोर आला, इथवर कुणाला अडचण येत नाही. खरा वेळ त्यानंतर जातो. प्रत्येक मशीन आपापलं अपडेट शोधतं, उतरवतं, रिस्टार्ट होतं आणि पुन्हा शोधायला बसतं. विंडोज १० ला नेहमीची अपडेट्स मिळायची (ऑक्टोबर २०२५ पर्यंत), तेव्हाचं तिचं महिन्याचं एकत्रित अपडेट साधारण ७०० एमबीचं धरा. चाळीस मशीन्सचे २८ जीबी झाले. २० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने फक्त याच कामाला दिली, तरी तीन तासांच्या वर वेळ लागेल. आणि पूर्ण लाइन एका लॅबला मिळाली असं माझ्या पाहण्यात नाही. ऑफिसचे प्रवेश अर्ज त्याच लाइनवर भरले जात असतात.

मी हे काम सुरुवातीची काही वर्षं एकेका मशीनपुढे बसून केलं. मग लक्षात आलं की आपण चुकीच्या जागी कष्ट करतोय. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात एकेका मूर्तीचं नाक नंतर सुधारत बसत नाहीत, आधी साचा बघतात. विंडोजची इन्स्टॉलेशन इमेज, म्हणजे जिच्यातून विंडोज मशीनवर उतरते ती बांधून ठेवलेली फाइल, हा आपला साचा आहे. अपडेट त्यातच मिसळून ठेवलं, तर त्यातून निघणारं प्रत्येक मशीन पहिल्या मिनिटापासून अद्ययावत असतं. हे मिसळणं हाताने करता येतं, पण ते स्क्रिप्टकडून (आदेश क्रमाने लिहून ठेवलेल्या फाइलकडून) करून घ्यावं असं माझं ठाम मत आहे. वेळ वाचतो हे त्याचं लहान कारण. मोठं कारण पुढे येईलच.

गोठलेली तारीख

आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशन डिस्कची एका फाइलमधली हुबेहूब प्रत) म्हणजे एका विशिष्ट तारखेला गोठवलेली विंडोज. त्या तारखेनंतर सापडलेली सुरक्षेतली भोकं तिच्यात जशीच्या तशी उघडी असतात. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा अपडेट काढतं, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. म्हणजे सहा महिने जुन्या पेन ड्राइव्हने विंडोज टाकली, तर मशीन सहा मंगळवार मागे राहून जन्माला येतं.

यात काय धोका आहे ते २००३ साली साऱ्या जगाने पाहिलं. विंडोज एक्सपीतल्या एका भोकावरचं अपडेट १६ जुलै २००३ ला निघालं होतं. ११ ऑगस्टला ब्लास्टर नावाचा वर्म (जोडलेल्या मशीन्समधून आपोआप फिरणारा घातक प्रोग्रॅम) पसरू लागला. ज्यांच्याकडे २००१ ची मूळ एक्सपी सीडी होती, ते विचित्र कोंडीत सापडले. नवी विंडोज टाकली, अपडेट उतरवायला इंटरनेट जोडलं, की अपडेट पूर्ण उतरण्याआधीच वर्म आत यायचा आणि ‘साठ सेकंदांत सिस्टिम बंद होत आहे’ असा उलटा आकडा पडद्यावर सुरू व्हायचा. एक्सपीत फायरवॉल होती, पण ती मुळात बंद ठेवलेली असायची. ती आपोआप चालू राहू लागली ऑगस्ट २००४ च्या ‘सर्व्हिस पॅक २’ या अपडेट्सच्या मोठ्या गठ्ठ्यापासून. औषध आणायला दुकानापर्यंत जावं आणि वाटेतच आजार गाठावा, असा तो प्रकार होता.

म्हणून जाणकार लोक सर्व्हिस पॅक सीडीतच मिसळून ठेवत. त्याला स्लिपस्ट्रीमिंग म्हणत. सीडीतला आय-३८६ हा फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करायचा, सर्व्हिस पॅकच्या फाइलला ‘इंटिग्रेट’ असा आदेश आणि त्या फोल्डरचा पत्ता द्यायचा, की ती जुन्या फाइली काढून नव्या बसवायची. मग नवी सीडी जाळायची. एनलाइटसारखं साधन हेच काम खिडक्यांमधून, टिचक्या मारत करायचं. आमच्या पिढीतल्या अनेक हार्डवेअरवाल्या मुलांनी विंडोजच्या पोटात काय असतं ते पहिल्यांदा असं पाहिलं.

विम फाइल आतून कशी असते

व्हिस्टापासून मांडणी बदलली. आता सीडीत सुट्या फाइलींचा ढीग नसतो, तर ‘सोर्सेस’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘इन्स्टॉल डॉट विम’ ही एक मोठी फाइल असते. तिच्यात आधीच बसवून तयार ठेवलेली विंडोज दाबून भरलेली असते. इन्स्टॉल करताना सेटअप ती मुख्यतः डिस्कवर उलगडतो, म्हणूनच हल्ली विंडोज इतक्या लवकर टाकून होते.

या फाइलची एक खुबी समजून घेण्यासारखी आहे. तिच्यात होम, प्रो, एज्युकेशन अशा अनेक आवृत्त्या एकत्र असतात आणि तरी ती आवृत्त्यांच्या पटीत मोठी होत नाही. कारण दोन आवृत्त्यांमध्ये सारखी असलेली फाइल एकदाच साठवलेली असते. गावच्या वाचनालयात पुस्तक एकच असतं, पण त्याची नोंद लेखकांच्या वहीतही असते आणि विषयांच्या वहीतही, तसं काहीसं. प्रत्येक आवृत्तीला एक क्रमांक असतो, त्याला इंडेक्स म्हणतात. अपडेट मिसळताना हा क्रमांक सांगावा लागतो, आणि प्रत्येक इंडेक्समध्ये अपडेट वेगळं मिसळावं लागतं. प्रो मध्ये मिसळलं म्हणून होम मध्ये आपोआप येत नाही.

काही वेळा विमऐवजी ‘इन्स्टॉल डॉट ईएसडी’ मिळते. ती आणखी घट्ट दाबलेली असते आणि थेट उघडून बदलता येत नाही. आधी तिच्यातली हवी ती आवृत्ती विममध्ये काढून घ्यायची आणि पुढचं काम तिच्यावर करायचं.

विममध्ये बदल करण्याचं साधन विंडोज ७ पासून विंडोजमध्येच येतं. त्याचं नाव डिस्म. आदेश देण्याच्या काळ्या खिडकीतून ते चालतं आणि पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या आदेश-खिडकीत त्याच कामाचे आदेश अधिक वाचनीय नावांनी मिळतात: माउंट-विंडोजइमेज, ॲड-विंडोजपॅकेज, डिसमाउंट-विंडोजइमेज. क्रमही तोच. पहिला आदेश विममधली एक आवृत्ती एका रिकाम्या फोल्डरमध्ये उघडून मांडतो. त्या फोल्डरमध्ये गेलात तर सी ड्राइव्ह उघडल्यासारखंच दिसतं, विंडोज, युजर्स, प्रोग्रॅम फाइल्स सगळं जागच्या जागी. दुसरा आदेश त्यात अपडेट बसवतो. तिसरा आदेश ते फोल्डर मिटून बदल विममध्ये लिहितो, किंवा सांगाल तर बदल टाकून देऊन मिटतो.

दुसऱ्या आदेशात नेमकं काय घडतं याबद्दल पुष्कळांचा गैरसमज असतो. अपडेट म्हणजे जुन्या फाइलीवर नवी फाइल डकवणं नव्हे. विंडोजचं ‘विनएसएक्सएस’ नावाचं कोठार असतं. प्रत्येक घटकाच्या आवृत्त्या तिथे राहतात, आणि कोणती आवृत्ती सध्या वापरात आहे, ती कोणावर अवलंबून आहे, याची नोंद ठेवलेली असते. डिस्म अपडेटमधले घटक या कोठारात ठेवतं, नोंदी बदलतं आणि जी कामं चालू विंडोजशिवाय होऊ शकत नाहीत ती पहिल्या बूटसाठी राखून ठेवतं. म्हणूनच फाइली हाताने कॉपी करून हे काम होत नाही. आणि म्हणूनच डिस्मची आवृत्ती इमेजमधल्या विंडोजइतकी किंवा तिच्याहून नवी असावी लागते. जुन्या कारकुनाला नव्या पद्धतीचं खातं वाचता येत नाही.

एक इमेज नाही, चार जागा

बहुतेक जण इथे फसतात. ‘इन्स्टॉल डॉट विम’ अपडेट केली की झालं, असं वाटतं. पण आयएसओमध्ये विंडोज एकाच जागी नसते.

मुख्य विमच्या पोटात, सिस्टिम-३२ मधल्या ‘रिकव्हरी’ फोल्डरात, आणखी एक छोटी विम लपलेली असते: विनआरई. मशीन बूट होत नाही तेव्हा दुरुस्तीचा निळा पडदा येतो ना, तो हिच्यातून येतो. तिच्याकडे दुर्लक्ष केल्याचा परिणाम जानेवारी २०२४ मध्ये लाखो घरांत दिसला असेल. ९ जानेवारीला मायक्रोसॉफ्टने केबी५०३४४४१ हे अपडेट काढलं. बिटलॉकरला (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या सोयीला) बगल देता येईल अशी विनआरईमधली चूक त्याने बुजवायची होती. पण त्याला रिकव्हरी पार्टिशनमध्ये (डिस्कच्या विनआरईसाठी राखलेल्या भागात) २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि अनेक मशीन्सवर ते पार्टिशन मुळातच लहान होतं. अपडेट पुन्हा पुन्हा फसायचं आणि ०x८००७०६४३ हा काहीही न सांगणारा एरर दाखवायचं. ज्यांनी त्यानंतर इमेजमधली विनआरई ताजी करून त्यावरून नवी मशीन्स उभी केली, त्यांना पार्टिशनशी झगडावं लागलं नाही.

तिसरी जागा ‘बूट डॉट विम’. पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू होतं ते हिच्यावर. हिच्यात दोन इंडेक्स असतात: पहिला साधा विंडोज पीई (इन्स्टॉलेशनपुरती छोटी विंडोज), दुसरा सेटअपचा. हिचं महत्त्व विंडोज ७ च्या अखेरच्या वर्षांत कळलं. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर आलेल्या बोर्डांवर जुन्या पद्धतीचा यूएसबी कंट्रोलर राहिला नव्हता आणि विंडोज ७ च्या सेटअपला यूएसबी ३ चा ड्रायव्हर ठाऊक नव्हता. सेटअपचा पहिला पडदा यायचा आणि कीबोर्ड-माउस दोन्ही निर्जीव. मुख्य विममध्ये ड्रायव्हर घालून उपयोग नव्हता, कारण गाडी तिथपर्यंत पोचतच नव्हती. ड्रायव्हर बूट विममध्ये घालावा लागला.

चौथी जागा म्हणजे ‘सोर्सेस’ फोल्डरातल्या सेटअपच्या सुट्या फाइली. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्ट वेगळं ‘सेटअप डायनॅमिक अपडेट’ देतं. ते उलगडून त्या फोल्डरात टाकायचं. त्यानंतर बूट विमच्या दुसऱ्या इंडेक्समधली सेटअपची फाइल बाहेरच्या सेटअपच्या जागी ठेवायची, म्हणजे आतला आणि बाहेरचा सेटअप एकाच आवृत्तीचा राहतो. दोन्ही वेगळे राहिले तर इन्स्टॉलेशन मध्येच अडू शकतं.

क्रम चुकला की काम वाया

फोडणीत आधी तेल तापतं, मग मोहरी तडतडते, मग हिंग-हळद. उलटं केलं तर सामान तेच राहतं आणि चव जाते. इथेही तसंच.

आधी मुख्य विम उघडायची, तिच्यातून विनआरई बाहेर काढायची, तिला तिचं स्वतःचं ‘सेफ ओएस’ अपडेट द्यायचं, स्वच्छ करून परत जागेवर ठेवायची. मग मुख्य विंडोज. तिच्यात सर्वांत आधी सर्व्हिसिंग स्टॅक, म्हणजे अपडेट बसवणाऱ्या यंत्रणेचंच अपडेट. हत्याराला धार लावून मग लाकडाला हात लावायचा. २०२१ पासून विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांमध्ये हे मासिक अपडेटच्या फाइलमध्येच एकत्र मिळतं, पण जुन्या आवृत्त्यांसाठी ते अजूनही वेगळं शोधावं लागतं. विंडोज ७ साठी मायक्रोसॉफ्टने २०१६ साली एक मोठं एकत्रित अपडेट काढलं होतं. सर्व्हिस पॅक १ पासून एप्रिल २०१६ पर्यंतचं बहुतेक सगळं त्यात होतं. तेही एप्रिल २०१५ चा सर्व्हिसिंग स्टॅक आधी बसवल्याशिवाय आत जात नसे.

त्यानंतर भाषा आणि जादा सोयी, आणि त्यांच्यानंतर महिन्याचं एकत्रित अपडेट. भाषा नंतर घातली तर तिचे घटक जुनेच राहतात आणि एकत्रित अपडेट पुन्हा द्यावं लागतं. मराठी वापरणाऱ्यांनी ही पायरी लक्षपूर्वक करावी असं मला वाटतं. विंडोज १० पासून मंगल हा फॉन्ट सगळ्या मशीन्सवर आपोआप येत नाही. अपराजिता, कोकिळा, उत्साह यांच्याबरोबर तो ‘देवनागरी पुरवणी फॉन्ट’ या वेगळ्या सोयीत ठेवला आहे आणि मूळ विंडोजमध्ये देवनागरीसाठी निर्मला हा फॉन्ट असतो. मंगलमध्ये तयार केलेला शासकीय अर्ज किंवा प्रश्नपत्रिका नव्या मशीनवर उघडली की ओळी सरकतात, पानं वाढतात, आणि लोक प्रिंटरला दोष देतात. ही सोय इमेजमध्येच घालून ठेवली, तर लॅबमधली चाळीसही मशीन्स एकच पान एकसारखं दाखवतात.

एकत्रित अपडेट बसलं की कोठाराची सफाई. जुन्या घटकांना आता कामच नसतं, ते काढून टाकायचे. डॉट नेट ३.५ सुरू करायचं असेल तर ते या सफाईनंतरच. आधी सुरू केलं तर त्याची काही कामं पहिल्या बूटसाठी लटकत राहतात आणि सफाईचा आदेश ०x८००एफ०८०६ असा आकडा देऊन नकार देतो. जुनी हिशेबाची सॉफ्टवेअर चालवायला डॉट नेट ३.५ अजून लागतं, म्हणून हा नकार मी पुष्कळदा पाहिला आहे. डॉट नेटचं एकत्रित अपडेट त्याच्याही नंतर. सगळं झाल्यावर विम एका नव्या फाइलमध्ये निर्यात करायची. बदल करताना मागे राहिलेली मृत जागा त्यात गळून जाते आणि फाइल बरीच हलकी होते.

स्क्रिप्ट म्हणजे न विसरणारा माणूस

आता वरच्या पायऱ्या मोजा. प्रत्येक आवृत्तीला माउंट, विनआरई, तीन-चार अपडेट, सफाई, डिसमाउंट. बूट विमला दोनदा. मग सेटअप, मग आयएसओ बांधणं. प्रत्येक पायरीला काही मिनिटं, सफाईला त्याहून जास्त. माणूस चौथ्या आवृत्तीपर्यंत कंटाळतो, मध्ये फोन येतो, कुठली पायरी झाली हे विसरतो. आणि साच्यातली चूक चाळीस ठिकाणी उमटते. म्हणून स्क्रिप्ट हवी.

पण आदेश एकाखाली एक लिहिले की स्क्रिप्ट झाली, असं नाही. माझी पहिली स्क्रिप्ट तशीच होती. एकदा दुसऱ्या आवृत्तीत अपडेट बसलं नाही, कारण डिस्क भरली होती. स्क्रिप्टने ते न बघता पुढचा आदेश चालवला, फोल्डर मिटलं, बदल जतन केले, आयएसओ बांधला आणि शेवटी ‘काम पूर्ण’ असं लिहिलं. बारा मशीन्स टाकून झाल्यावर एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की त्याच्या मशीनवरचा बिल्ड क्रमांक (विंडोज कोणत्या अपडेटपर्यंतची आहे ते सांगणारा आकडा) शेजारच्यापेक्षा वेगळा आहे. बाराही पुन्हा केली. त्या दिवसापासून माझ्या स्क्रिप्टचा निम्मा भाग कामाचा असतो आणि निम्मा तपासणीचा.

तपासणी कशाची? सुरुवातीला रिकामी जागा किती आहे ते बघावं. तीस-चाळीस जीबी हाताशी असावेत. आयएसओमधून कॉपी केलेल्या विमवर ‘फक्त वाचा’ अशी खूण राहिलेली असते, ती काढावी, नाहीतर माउंट करायलाच परवानगी मिळत नाही आणि कारण शोधण्यात तास जातो. मागच्या वेळी अर्धवट राहिलेलं एखादं माउंट असेल तर ते आधी साफ करावं. प्रत्येक आदेशानंतर त्याने परत दिलेला आकडा वाचावा. शून्य म्हणजे ठीक, ३०१० म्हणजे ठीक पण रिस्टार्ट हवा. ०x८००एफ०८१ई आला तर हे अपडेट या इमेजला लागूच नाही, बहुधा तुम्ही ६४ बिटच्या जागी दुसरंच काही उतरवलंय. बाकी काहीही आलं तर बदल न जपता फोल्डर मिटावं आणि तिथेच थांबावं. थांबणं हा स्क्रिप्टचा सर्वांत मोलाचा गुण आहे.

एक अगदी साधी गोष्ट: स्क्रिप्ट चालू असताना ते माउंट केलेलं फोल्डर एक्सप्लोररमध्ये उघडून बघू नका. डिसमाउंट करताना विंडोज म्हणते की फोल्डर कुणीतरी धरून ठेवलंय, आणि ०x‌सी१४२०११७ देऊन काम अर्धवट सोडते. काही अँटिव्हायरसही हेच करतात, म्हणून कामाचं फोल्डर तपासणीतून तेवढ्यापुरतं वगळावं.

आवृत्त्या कमी करणं हा वेळ वाचवण्याचा खरा उपाय. नको त्या इंडेक्स आधीच काढून टाका. पण आपल्याकडे एक काळजी घ्यावी लागते. भारतात विकल्या जाणाऱ्या पुष्कळ लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ आवृत्ती असते आणि तिची किल्ली बोर्डच्या फर्मवेअरमध्ये जडवलेली असते. सेटअप ती किल्ली वाचून तीच आवृत्ती शोधतो. तुम्ही फक्त प्रो ठेवली असेल, तर विद्यार्थ्याचा लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हने नीट होत नाही. लॅबसाठी एक आणि लॅपटॉपसाठी एक, असे मी दोन पेन ड्राइव्ह ठेवतो.

अपडेट घातल्यावर विम सहज ४ जीबीच्या पुढे जाते. यूईएफआय, म्हणजे जुन्या बायोसच्या जागी आलेली मशीन सुरू करणारी यंत्रणा, तिच्या बूटसाठी पेन ड्राइव्ह बहुधा एफएटी३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. यावर डिस्मकडेच तोड आहे: विमचे तुकडे करून ‘एसडब्ल्यूएम’ फाइली बनवायच्या. सेटअप त्यांना ओळखतो आणि आपोआप जोडून घेतो. ३८०० एमबीचे तुकडे ठेवले की काम भागतं. आयएसओच बांधायचा असेल तर मायक्रोसॉफ्टच्या एडीके संचातलं ‘ओएससीडी-इमेज’ हे साधन वापरतात. त्याला जुन्या बायोससाठी एक आणि यूईएफआयसाठी एक, अशा दोन बूट फाइली दाखवाव्या लागतात. एक विसरली तर निम्म्या मशीन्सवर पेन ड्राइव्ह दिसतच नाही.

ताजी इमेजही बिघडलेली असू शकते

विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती १ ऑक्टोबर २०२४ ला आली. तिच्या इमेजमध्ये ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर २०२४ चं सुरक्षा अपडेट मिसळून बनवलेल्या सीडी-पेन ड्राइव्हवरून ज्यांनी विंडोज टाकली, त्यांतली काही मशीन्स पुढची सुरक्षा अपडेट्स घेईनाशी झाली. हे मायक्रोसॉफ्टनेच डिसेंबरमध्ये मान्य केलं आणि डिसेंबरच्या अपडेटसह नवी इमेज बनवून पुन्हा टाकायला सांगितलं. म्हणजे नेटकेपणाने काम करणारेच इथे अडचणीत आले.

मी त्यावरून दोन गोष्टी शिकलो. मंगळवारचं अपडेट मी आठवडाभर थांबून घेतो. आणि इमेज तयार झाल्यावर ती आधी व्हर्च्युअल मशीनवर (खऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या मशीनवर) टाकून नुसता डेस्कटॉप बघत नाही. बिल्ड क्रमांक बघतो, अपडेट तपासायला लावतो, आणि जमल्यास पुढच्या महिन्याचं अपडेट त्याच मशीनवर बसतं का तेही बघतो.

२४एच२ पासून आणखी एक बदल झाला. काही अपडेट्स आता टप्प्यांची असतात. सप्टेंबर २०२४ चं केबी५०४३०८० हा असा एक टप्पा. नंतरची अपडेट्स त्या टप्प्यावर उभी असतात. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमध्ये (अपडेटच्या फाइली उतरवायच्या वेबसाइटवर) एका महिन्यासाठी दोन फाइली दिसल्या की लोक गोंधळतात. दोन्ही एकाच फोल्डरात ठेवायच्या आणि डिस्मला फक्त नव्या फाइलचं नाव द्यायचं. जुना टप्पा ते स्वतः शोधून घेतं. त्या फोल्डरात दुसऱ्या कुठल्याही फाइली नकोत.

विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसचंही वेगळं बघावं लागतं. इमेजमधला त्याचा विषाणू-कोश गोठलेल्या तारखेचाच असतो. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट स्वतंत्र संच आणि तो इमेजमध्ये घालणारी पॉवरशेल स्क्रिप्टही देतं, आणि दर तीन महिन्यांनी हे करावं अशी त्यांची शिफारस आहे. मी पूर्ण इमेजचंच वेळापत्रक त्याला जोडून घेतलं: मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. याशिवाय सिक्युअर बूटची (फक्त विश्वासू सही असलेल्या बूट फाइली चालू देणाऱ्या सोयीची) २०११ ची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून संपू लागतात आणि त्यांची जागा २०२३ ची घेतात, त्यामुळे पेन ड्राइव्हवरच्या बूट फाइलीही जुन्या ठेवून चालणार नाही.

लिनक्समध्ये हा भार वितरकच उचलतात. उबुंटूच्या एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणाऱ्या) आवृत्तीचे २४.०४.१, २४.०४.२ असे ताजे आयएसओ निघत राहतात, आणि डेबियनचा नेट-इन्स्टॉल थेट इंटरनेटवरून चालू पॅकेजेस उतरवतो. विंडोजचेही अधूनमधून ताजे आयएसओ मिळतात आणि ज्याला एकच घरचं मशीन करायचंय त्याने सरळ तो घ्यावा, एवढा खटाटोप करू नये.

आणि कुणीतरी बनवलेला ‘फुल्ली अपडेटेड’ आयएसओ अनोळखी ठिकाणाहून घेऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. मूळ आयएसओचा शा-२५६ ठसा (फाइलमधून गणिताने काढलेली तिची ओळख) मायक्रोसॉफ्टच्या ठशाशी ताडून बघता येतो. कुणी आत हात घातला की ठसा बदलतो, आणि आत अपडेट घातलंय की आणखी काही, हे बाहेरून कळायला मार्ग नसतो. इंटरनेटवर या कामाच्या तयार स्क्रिप्ट मिळतात, काही खरोखर उत्तम आहेत. पण त्या ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालतात, म्हणून चालवण्याआधी ओळन् ओळ वाचावी. समजली नाही ती ओळ कुणाला तरी विचारावी. अपडेटच्या फाइलीही मायक्रोसॉफ्टच्या कॅटलॉगवरूनच घ्याव्यात.

आमच्या लॅबच्या कपाटात आता दोन पेन ड्राइव्ह आहेत. प्रत्येकाला कागदी पट्टी चिकटवलेली आहे: आवृत्ती, बिल्ड क्रमांक, इमेज बनवल्याची तारीख, आणि आयएसओच्या ठशाची शेवटची आठ अक्षरं. स्क्रिप्टने लिहिलेली नोंद त्याच नावाने सर्व्हरवर आहे. मागच्या तिमाहीची इमेजही जपलेली असते, नवी काही कारणाने बिघडली तर तिच्यावर परत जाता यावं म्हणून. गेल्या जूनमध्ये सकाळी दहाला सुरुवात केली, चाळीस मशीन्स चारपर्यंत झाली, आणि ऑफिसातले प्रवेश अर्ज दिवसभर न अडकता भरले गेले.